तिसरी सीट

सोनिवलीत ‘शेअर’ म्हटलं की आधी रिक्षा. बदलापूरला पश्चिमेकडे उतरायचं, रांगेतल्या पहिल्या रिक्षात जाऊन बसायचं आणि थांबायचं. थोड्या वेळाने दुसरा येतो. रिक्षावाला बाहेर उभा राहून गावाच्या नावाचा पुकारा करतो, मग आत येऊन इंजिन चालू करतो आणि रिक्षा हातभर पुढे घेतो. नवखा माणूस पिशवी सावरून बसतो, त्याला वाटतं निघाली. निघालेली नसते. तिसरी सीट भरेपर्यंत ती तेवढ्याच जागेत पुढेमागे होत राहते. शेअरचा भावही असाच हातभर पुढे घेतला जातो आणि नवखे पिशवी सावरून बसतात. भाव खरंच सुटला की नुसता हलवला, म्हणजे ब्रेकआउट खरा की खोटा, हे मला या रांगेत जेवढं कळलं तेवढं पुस्तकांतून कळलं नाही.

*

माझी सगळी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, केमिकल कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये गेली. भिंतीवर गोल कागदाचे रेकॉर्डर असायचे. चोवीस तासांत कागदाची एक फेरी पुरी व्हायची आणि दोन पेनं त्यावर रेघा ओढत राहायची. लाल पेन तापमानाचं, हिरवं पाण्याच्या प्रवाहाचं. शिकाऊ पोरं लाल रेघेकडे टक लावून बसायची. आमचा जुना फोरमन आधी हिरवी बघायचा. तापमान चढतंय आणि थंड पाण्याचा प्रवाहही वाढलाय, तर प्लांट आपलं काम करतोय. तापमान चढतंय आणि प्रवाह पडलाय, तर लाइन कुठेतरी चोंदलीय. मग चहा ठेवून धावायचं.

निवृत्तीनंतर मुलीने मोबाइलवर डिमॅट खातं उघडून दिलं आणि पहिला चार्ट दाखवला. वर भावाच्या कँडल, खाली व्हॉल्यूमच्या, म्हणजे उलाढालीच्या, उभ्या पट्ट्या. मी म्हटलं, हे तर ओळखीचं आहे, दोन पेनं.

ओळखीचं वाटलं तेच महागात पडलं. ते पुढे.

*

पेपरात बाजार समित्यांचे भाव येतात तो तक्ता मी हल्ली नीट वाचतो. शेतमाल, आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. कँडलमध्ये याहून फार वेगळं काय असतं? तक्त्यातही कमाल-किमान आहे, व्हॉल्यूम आहे, फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा भाव नाही. लासलगावच्या कांद्याचा कमाल दर बघून शेतकरी हुरळत नाही. त्याला ठाऊक असतं की तो एखाद्या ट्रॉलीला मिळालेला असतो. आवक भरपूर असूनही सर्वसाधारण दर टिकला, तर तो मान डोलावतो.

एक फरक मात्र आहे. बाजार समितीतली आवक म्हणजे विकायला आलेला माल. शेअरच्या व्हॉल्यूमला अशी बाजू नसते. एक लाख शेअर विकले गेले म्हणजे एक लाख घेतलेही गेले. ‘आज खरेदीदार जास्त होते’ हे टीव्हीवरचं वाक्य हिशेबात बसत नाही. जास्त असते ती एका बाजूची घाई. व्हॉल्यूमच्या पट्टीचा हिरवा-लाल रंग त्या घाईचा अंदाज देतो, यापलीकडे काही सांगत नाही.

*

कँडलचं श्रेय अठराव्या शतकातल्या मुनेहिसा होम्माला देतात. जपानमधल्या साकाता गावचा तांदळाचा व्यापारी. म्हणजे ही विद्याही मुळात धान्याच्या बाजारातलीच. जपानबाहेर ती सगळीकडे पसरली स्टीव्ह निसन यांच्या १९९१ च्या पुस्तकानंतर.

अमेरिकेत चार्ल्स डाऊ. १८८९ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ सुरू करणाऱ्यांपैकी एक. डाऊ सिद्धान्त म्हणून जे शिकवतात ते त्यांनी स्वतः पुस्तकात कधी मांडलं नाही. त्यांच्या लेखांतून नंतरच्यांनी वेचून काढलं. त्यातलं एक कलम आमच्या फोरमनचंच: भावाच्या दिशेला व्हॉल्यूमने दुजोरा द्यायला हवा.

मग १९६३ साली जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी सोपा हिशेब आणला. भाव वर बंद झाला त्या दिवसाचा सगळा व्हॉल्यूम जमेला, खाली बंद झाला त्या दिवसाचा खर्चाला. शिल्लक वाढतेय आणि भाव जागेवर आहे, तर कोणीतरी गुपचूप माल गोळा करतंय असं धरायचं. याच ग्रॅनव्हिलनी जानेवारी १९८१ मध्ये ‘सगळं विका’ असा संदेश ग्राहकांना दिला आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कचा बाजार खरोखर कोसळला. १९८२ मध्ये मोठी तेजी सुरू झाली तेव्हाही ते मंदीच सांगत राहिले. हिशेबाच्या वहीत खोट नव्हती. वही लिहिणारा तिच्या प्रेमात पडला होता.

*

नातवाबरोबर केलेला उद्योग. आलेख कागद घेतला, नाणं घेतलं. छापा आला की एक घर वर, काटा आला की एक घर खाली. दीडशे वेळा. शेवटी जी नागमोडी रेघ झाली तिच्यात मला ‘हेड अँड शोल्डर्स’ दिसला, दोन खांदे आणि मधे डोकं, अगदी पुस्तकातल्यासारखा. नातू म्हणाला, “आजोबा, मला तर उंट दिसतोय.”

हॅरी रॉबर्ट्स नावाच्या प्राध्यापकांनी १९५९ साली हेच केलं होतं. योगायोगाच्या आकड्यांतून काढलेल्या रेघा बाजाराच्या आलेखाशेजारी ठेवल्या, तर कुठली रेघ कुठली ते ओळखता येईना.

आमच्या आलेखात एक गोष्ट मात्र नव्हती. नाण्याला व्हॉल्यूम नसतो.

*

मटक्याच्या आकड्यांचे चार्ट आमच्या पट्ट्यात शेअरच्या आधीपासून आहेत. पानाच्या टपरीमागे कल्याणचा पॅनेल चार्ट घेऊन बसलेली माणसं मी तरुणपणी बघितली आहेत. मागच्या आठवड्यांच्या जोड्या, पाने. त्यांवर पेनाने गोल केलेले. बऱ्याच जणांना वाटायचं, हे कल्याण म्हणजे आपलं कल्याण जंक्शन. ते नाव कल्याणजी भगत यांचं. त्यांनी १९६२ मध्ये वरळीतून मटका सुरू केला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर आकडा लागायचा. म्हणून आजही भाषा ‘ओपन’ आणि ‘क्लोज’चीच आहे. भाव येणं थांबलं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या.

म्हणजे एकच सवय दोन ठिकाणी चालत राहिली. भावाच्या मागे माणसं होती तेव्हाही लोक चार्ट बघत होते, नुसतं मडकं उरलं तेव्हाही बघत राहिले. मडक्याला काल काय निघालं ते आठवत नाही. शेअर ज्यांच्याकडे असतो त्यांना मात्र तो कितीला घेतला ते मरेपर्यंत आठवतं. चार्ट वाचण्यात काही अर्थ असेलच, तर तो एवढ्या फरकात आहे.

*

नदीकाठच्या काही इमारतींत जिन्यावर २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ अजून आहे. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५० मीटर. पावसाळ्यात हे आकडे इथल्या गृहिणींनाही पाठ असतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली, हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी इथे जो तो विचारत होता, जुन्या रेघेला पाणी लागलं का?

पाण्याला अर्थात जुनी रेघ ठाऊक नसते. शेअरच्या बाजारात ती रेघ खरंच अडवते, कारण तिथे माणसं उभी असतात. २४० ला घेऊन १६० पर्यंत अडकलेले. दोन वर्षं ते एकच वाक्य म्हणत असतात, “मुद्दल निघालं की सुटतो.” भाव पुन्हा २४० ला आला की हे सगळे एकदम विकायला निघतात. याला रेझिस्टन्स म्हणतात. आधी २४० ला व्हॉल्यूम किती झाला होता ते बघितलं तर किती माणसं तिथे अडकली असतील याचा अंदाज येतो. आणि आता भाव २४० ओलांडताना पुन्हा तेवढाच व्हॉल्यूम झाला, तर समजायचं, अडकलेले बरेचसे सुटले आणि त्यांचा माल नव्या माणसांनी उचलला. व्हॉल्यूमशिवाय ओलांडला, तर जुनी मंडळी अजून तिथेच आहेत. फक्त आज झोपली आहेत.

*

गुंठ्याचा भाव. गावात एका कोपऱ्यावरच्या जागेचा व्यवहार चढ्या दराने होतो, आणि रात्रीत सगळ्या शिवाराचा तोच दर ठरतो. चहाच्या टपरीवर पाच जण कागदावर कोट्यधीश होतात. त्यांतला एक खरंच विकायला निघाला की सहा महिने गिऱ्हाईक फिरकत नाही. व्हॉल्यूम एक, भाव शंभर जणांचा. ज्याने जमीन विकायचा प्रयत्न करून पाहिलाय, त्याला कमी उलाढालीच्या शेअरबद्दल वेगळं काही शिकवावं लागत नाही.

*

शहाडला सेंच्युरी रेयॉन. उल्हासनगरच्या कितीतरी घरांतल्या चुली तिने पेटत्या ठेवल्या. तिची मालक सेंच्युरी टेक्स्टाइल्स हा दलाल स्ट्रीटवरचा जुना मातब्बर शेअर. कंपनीचा सिमेंट व्यवसाय २०१९ मध्ये वेगळा होऊन अल्ट्राटेककडे गेला. सेंच्युरीच्या आठ शेअरमागे अल्ट्राटेकचा एक मिळाला. ज्या दिवशी भावातून सिमेंट वजा झालं, त्या दिवशी कच्च्या चार्टवर कडा कोसळल्यासारखी दरी दिसते. घाबरून कोणी विकलेलं नव्हतं. धारकाच्या खिशातली वस्तू एका खिशातून दुसऱ्यात गेली होती.

बोनस, शेअरची विभागणी, व्यवसाय वेगळा होणं, या सगळ्यांत हेच होतं. एकाचे पाच शेअर झाले की भाव पाचवा हिस्सा आणि व्हॉल्यूम पाचपट दिसतो. जुने आकडे दुरुस्त केलेले आहेत की नाहीत हे न बघता चार्ट वाचणं म्हणजे रेकॉर्डरचा कागद बदललाय हे न बघता तापमान वाचणं. कंपनीचं नावही बदललं. २०२४ पासून ती आदित्य बिर्ला रिअल इस्टेट. शहाडला अजून सगळे सेंच्युरीच म्हणतात.

*

बदलापूर आणि बदला. गावाच्या नावाची गोष्ट इथे पोरासोरांना ठाऊक असते: शिवकाळात इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. बाजारातला बदला वेगळा. शेअर घेतले, सौदापूर्तीच्या दिवशी पैसे नाहीत. मग व्याज भरून सौदा पुढच्या खेपेला ढकलायचा. घोडा तोच, फक्त टप्पा बदलला. तेजीवाला व्याज भरतो तो सीधा बदला. मंदीवाल्यांनी इतकं विकून ठेवलं की शेअरच मिळेनात, मग उलट त्यांनाच भरावं लागतं, तो उंधा बदला. जुने दलाल चार्टपेक्षा हा दर बघायचे. बाजार उधारीवर किती चढलाय ते त्यातून कळायचं.

केतन पारेख शेअर घोटाळ्यानंतर जुलै २००१ मध्ये बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने बदला बंद केला. आता सौद्याचा निपटारा दुसऱ्याच दिवशी होतो. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना तो नियम लागू आहे. उधारीची हौस मात्र वायद्यांच्या आणि ऑप्शनच्या दारातून आत आली.

*

सव्वानऊला बाजार उघडतो. पहिल्या तासात व्हॉल्यूम धो धो, दुपारी सामसूम, तीननंतर पुन्हा गर्दी. चोवीस तासांचे रेकॉर्डर बघितलेल्या माणसाला दुपारी एकचा ब्रेकआउट बघून हसू येतं. रिकाम्या लोकलमध्ये खिडकी मिळाली म्हणून कोणी पेढे वाटत नाही.

एनएसईवर बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तो वर्षानुवर्षं शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची व्हॉल्यूमनुसार काढलेली सरासरी होता. शेवटच्या मिनिटाला कोणी दहा शेअर चढ्या भावाने घेऊन दिवस रंगवू नये म्हणून.

*

संध्याकाळी एक्स्चेंज डिलिव्हरीचा आकडा देतं. दिवसभरात दहा लाख शेअर फिरले, त्यांतले किती खरोखर एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात गेले? सकाळी घेऊन दुपारी विकणारे यात गळून पडतात. लग्नाच्या मांडवात फिरून गेलेले किती आणि पंगतीला बसलेले किती, तसं. आचारी दुसरा आकडा विचारतो.

*

आता महागात पडलेलं. ओळखीच्या एकाने छोट्या कंपनीचं नाव सांगितलं. ५ टक्क्यांचं सर्किट, म्हणजे दिवसात भाव तेवढाच हलू शकतो; रोज वर. व्हॉल्यूम जवळपास नाही, कारण विकणाराच नाही. मी रोज ऑर्डर लावायचो, मिळायचा नाही. मिळत नाही म्हणून आणखी हवासा वाटायचा. मग एक दिवस प्रचंड व्हॉल्यूम आला, आणि माझी ऑर्डर लागली. घरात पेढे आणले.

त्या दिवशी भाव मात्र जेमतेम हलला होता. प्रवाह दसपट आणि तापमान जागच्या जागी: कंट्रोल रूममध्ये असतो तर लगेच विचारलं असतं, एवढं पाणी जातंय कुठे? उत्तर सोपं होतं. कोणीतरी माल काढत होतं आणि तो माझ्याकडे येत होता. दुसऱ्या दिवसापासून खालचं सर्किट. नऊ दिवस विकायची ऑर्डर लावली, घेणारा नव्हता. रोज ५ टक्के गेले की शंभराचे नऊ दिवसांत त्रेसष्ट होतात. हा गुणाकार मी देवघरासमोर बसून केला.

व्हॉल्यूम जास्त म्हणजे चांगलं, एवढंच शिकून आलो होतो. अर्धं शिकलेला माणूस न शिकलेल्यापेक्षा जास्त हरतो.

*

घाई असली की मी कधी कधी तिसऱ्या सीटचे पैसे स्वतःच देतो. रिक्षा लगेच निघते. लांबून बघणाऱ्याला ती भरलेलीच वाटते.

शेअरचा भाव फुगवणारे ऑपरेटर हेच करतात. चार खाती आपलीच, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. व्हॉल्यूम दिसतो, सीट रिकामी असते. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्टच्या शेअरबाबत अंतरिम आदेश दिला. यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, भाव आणि व्हॉल्यूम दोन्ही फुगले, आतल्या लोकांनी माल काढला, असं त्यात म्हटलं होतं. छोटे भागधारक दोन हजारांच्या आसपास होते ते पंचावन्न हजारांवर गेले. त्यांच्यातल्या कित्येकांनी चार्टही बघितला असेल, आणि चार्ट सुंदरच दिसत असेल.

*

खालच्या मजल्यावरचा मुलगा मंगळवारी कामावर सुट्टी टाकतो, निफ्टीच्या ऑप्शनच्या एक्स्पायरीसाठी. म्हणाला, “काका, तुम्ही शेअर घेऊन महिनाभर बसता, मी वीस मिनिटांत मोकळा होतो.” मी त्याला सेबीच्या २०२४ च्या अहवालांतले आकडे दाखवले. तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या कोटभर सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या घरात. साध्या शेअरची त्याच दिवशी घे-वीक करणाऱ्यांपैकी २०२२-२३ मध्ये दहातले सात तोट्यात. वर्षात पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत दहातले आठ.

त्याने आकडे शांतपणे बघितले. “म्हणजे सात टक्के जिंकतात ना, काका?”

मडक्याभोवती बसलेल्यांकडेही हेच उत्तर होतं.

*

मग या सगळ्यात तथ्य किती? अँड्र्यू लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० साली संगणकाला हे आकार ओळखायला शिकवलं आणि अमेरिकेतल्या तीन दशकांच्या भावांवर तपासलं. काही आकारांत थोडी माहिती असते, असं निघालं. माहिती असणं आणि नफा होणं यात अंतर आहे, हेही त्यांनीच बजावलं. त्याआधी १९८७ साली जोनाथन कारपॉफ यांनी बरेच अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की भावाची हालचाल मोठी असते तेव्हा व्हॉल्यूमही मोठा असतो. वर की खाली, हे मात्र नुसत्या व्हॉल्यूमवरून ठरत नाही. पूर आलाय हे कळतं. कुठल्या आळीत शिरेल ते नाही.

*

२३ मार्च २०२०. सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी खाली, १३ टक्क्यांहून जास्त. सकाळी १० टक्के पडल्यावर बाजार पाऊण तास बंद ठेवला होता. त्या पाऊण तासात मी एकही चार्ट उघडला नाही. गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी धुतली. असल्या दिवशी सगळ्याच पट्ट्या लाल आणि उंच असतात. त्यांतून वाचण्यासारखं काही नसतं. पुढच्या काही महिन्यांत कळलं की तळ तिथेच होता. त्या दिवशी ते कुठल्याही आकारात लिहिलेलं नव्हतं.

*

माझ्या सौद्यांच्या वहीला पाच रकाने आहेत. तारीख. काय घेतलं. का घेतलं. माझं म्हणणं कितीला खोटं ठरेल. कितीला विकलं.

काल वर्षाचा हिशेब केला. एकतीस सौदे, बारा बरोबर, एकोणीस चूक. तरीही चार पैसे उरले, कारण चुका लहान होत्या. कर आणि दलाली वजा जाता बँकेच्या ठेवीपेक्षा किंचित जास्त. चष्म्याचा नवा नंबर धरला तर बरोबरीच.

मग सगळ्यात मोठे सहा तोटे वेगळे काढले. प्रत्येकात कारणाचा रकाना ठासून भरलेला होता: व्हॉल्यूम दुप्पट, जुनी रेघ ओलांडली, डिलिव्हरी वाढली. अक्षरही सुरेख. सहाच्या सहा नोंदींत चौथा रकाना कोरा.

तापमान किती अंशांवर गेलं की भोंगा वाजला पाहिजे, तो काटा पाळीच्या सुरुवातीलाच लावून ठेवायचा असतो. तापमान चढायला लागल्यावर कोणी लावत नाही; तेव्हा प्रत्येकाला वाटतं, उतरेल आत्ता. फोरमन असता तर त्याने लाल-हिरव्या रेघांबद्दल मला एक शब्द विचारला नसता. वही मिटून एवढंच म्हणाला असता, “ते सोड. भोंगा कितीला लावला होतास?”